हिंवाळ्यांतील रिकामी आगबोट

उतारूंच्या आगबोटीचा खर्च ती चालत असतांना जितका डोळ्यांत भरतो, तितका ती धक्क्याला बांधलेली असतांना भरत नाहीं. परंतु तो थांबत मात्र नाहीं. बंदराचें भाडें द्यावें लागतें, खलाशांचे पगार द्यावे लागतात, विम्याचे हप्ते चुकत नाहींत, आणि लोखंडाला चढणारा गंज कोणाच्या सवडीची वाट पाहत नाहीं. औत सुटलें म्हणून दावणीच्या बैलाची वैरण सुटत नाहीं, तसाच हा प्रकार. हिंवाळा आला म्हणजे सुखवस्तु कुटुंबांनीं मोटारींतून जवळच्या बंदरावर जावें, तेथें बोटीवर चढावें आणि आठ-दहा दिवस ऊबदार समुद्रांत हिंडून परत यावें, असा रिवाज आज अनेक देशांत रूढ आहे. त्याचा उगम कोणा रसिक प्रवाशाच्या मनांत झाला असावा, अशी सहज समजूत होते. वस्तुतः तो झाला एका आगबोट कंपनीच्या जमाखर्चाच्या वहींत.

ती कंपनी म्हणजे १८४७ सालीं स्थापन झालेली हाम्बुर्ग-अमेरिका कंपनी, आणि वहीकडे नव्या दृष्टीनें पाहणारा गृहस्थ म्हणजे आल्बर्ट बालिन. बालिनचा जन्म १८५७ सालीं हाम्बुर्ग शहरांत एका सामान्य यहुदी कुटुंबांत झाला. अमेरिकेस कायमचे निघालेल्या लोकांना तिकिटें मिळवून देण्याचा धंदा त्याचे वडील करीत. ते १८७४ सालीं वारले, आणि सतरा वर्षांचा मुलगा त्या धंद्यांत उतरला. पुढें १८८६ सालीं हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीनें त्याला आपल्या उतारू खात्याचा प्रमुख नेमलें. दोनच वर्षांत तो संचालक मंडळावर गेला. मोठमोठ्या व्यापारी घराण्यांच्या त्या शहरांत ही बढती लहानसहान नव्हती. जर्मन बादशहाशीं पुढें त्याचा घरोबा झाला, तरीही बढतीसाठीं किंवा मानासाठीं त्यानें धर्म बदलला नाहीं, ही गोष्ट त्याच्या स्वभावाविषयीं बरेंच सांगून जाते.

ह्या कंपनीची मुख्य मिळकत पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यांतून येत नसे. ती येई बोटीच्या पोटांतून. पोलंड, रशिया आणि जर्मनी येथील शेतकरी, कारागीर व गरीब यहुदी कुटुंबें गांठोडीं घेऊन हाम्बुर्गला येत आणि फळ्यांच्या मजलेदार बिछान्यांवर दाटीनें पडून न्यूयॉर्क गांठीत. वर मात्र गालिचे, आरसे आणि संगीत. ही वरची मंडळी कंपनीला प्रतिष्ठा देत. खालची मंडळी तिला पैसा देत.

त्या प्रतिष्ठेच्या चढाओढींत कंपनीनें जलद आगबोटी बांधविल्या. त्यांतील ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही १८८८ च्या डिसेंबरांत स्टेटिन येथें पाण्यांत उतरली व पुढील मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीस निघाली. साडेसात हजार टनांहून मोठी, तीन धुरांड्यांची व दोन पंख्यांची ही बोट म्हणजे त्या काळचा चमत्कारच. तिला बादशहाच्या राणीचें नांव दिलें होतें. पण राणी होती ‘ऑगस्टे’ आणि बोटीवर रंगविलें गेलें ‘ऑगस्टा’! ही चूक १८९७ सालीं बोटीची लांबी वाढविली तेव्हां कोठें दुरुस्त झाली.

अशी ही महागडी बोट हिंवाळ्यांत काय करणार? डिसेंबर ते मार्च उत्तर अटलांटिकवर वादळें उठतात, धुकें पडतें, एल्ब नदींत बर्फाचे तुकडे वाहूं लागतात. ज्याला पर्याय आहे असा मनुष्य त्या दिवसांत अमेरिकेस जात नाहीं. गोरगरीबही वसंत ऋतूची वाट पाहतात. त्याच वेळीं दक्षिणेकडे, चारपांच दिवसांच्या वाटेवर, भूमध्य समुद्रावर ऊन पडलेलें असतें. ह्या दोन गोष्टी सर्वांनाच ठाऊक होत्या. बालिननें त्या एकमेकींपुढें ठेवल्या. उतारू बोटीकडे येत नसतील, तर बोटच उन्हाकडे न्यावी, आणि उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेल्या श्रीमंतांना तींत बसवावें. कोठेंही पोंचण्यासाठीं नव्हे, तर फिरून पुन्हां घरीं येण्यासाठीं पैसे मोजणारे लोक शेंकड्यांनीं मिळतील, ही कल्पना त्याच्या कित्येक सहकाऱ्यांना वेडगळ वाटली, असें सांगतात.

असा प्रयत्न करणारा बालिन पहिलाच, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४४ सालींच पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींतून कैरोपर्यंत सफर करून आला होता. त्याच कंपनीची ‘सिलोन’ ही जुनी बोट १८८१ सालीं दुसऱ्यांनीं विकत घेऊन सहलींसाठीं सजविली होती. स्कॉटलंडच्या एका कंपनीनें १८८७ सालीं नॉर्वेच्या सहलींसाठीं मुद्दाम नवी बोट बांधली होती. परंतु त्या सफरी उन्हाळ्याच्या. पहिलेपणाचा हा वाद इतिहासांत फारसा महत्त्वाचा नाहीं. महासागरावरील एक अव्वल आगबोट भर हिंवाळ्यांत तिच्या नेमून दिलेल्या वाटेवरून काढून केवळ विहारासाठीं सोडण्याचें धाडस बालिनचें, आणि पुढचा सगळा धंदा उभा राहिला तो ह्या धाडसावर.

बोट २२ जानेवारी १८९१ रोजीं कुक्सहाफेनहून निघाली. एल्ब नदीच्या मुखाशीं असलेलें हें बंदर हाम्बुर्गपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर असून तेथवर आगगाडी जात होती. सकाळीं घरून निघालेला मनुष्य त्याच दिवशीं बोटीवर चढूं शके. सफरीच्या यशांत ह्या सोयीचा वांटा जितका होता, तितका तो सांगितला जात नाहीं. बोटीवर २४१ प्रवासी होते. स्वतः बालिन आपल्या पत्नीसह त्यांच्यांत होता. बेत फसला असता तर फजितीही त्याला त्यांच्याच समोर सोसावी लागली असती.

साउदम्प्टन, जिब्राल्टर व जिनोआ करून बोट अलेक्झांड्रियास गेली. तेथून मंडळी आगगाडीनें कैरोस जाऊन पिरॅमिड पाहून आली. जाफा येथें खरी परीक्षा होती. तेथील किनाऱ्याशीं खडकांची रांग असल्यामुळें मोठ्या बोटीस दूर नांगर टाकावा लागे आणि उतारूंना लहान होड्यांतून, लाटांचे हेलकावे खात, स्थानिक नावाड्यांच्या भरंवशावर किनाऱ्यास जावें लागे. जाफा ते जेरुसलेम आगगाडी अद्याप सुरू झाली नव्हती, ती १८९२ सालीं झाली. म्हणून पुढची वाट घोड्यांवरून किंवा गाड्यांतून. बैरूतहून दमास्कसलाही घोडागाडीचीच सडक होती. नंतर कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, माल्टा, पालेर्मो, नेपल्स, लिस्बन अशीं बंदरें घेत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत, सुमारें दोन महिन्यांनीं, बोट सुखरूप परतली. ह्या सबंध प्रवासांत कोणासही सामान बांधावें-सोडावें लागलें नाहीं. खोली तीच, पलंग तोच, आणि खिडकीबाहेर मात्र रोज नवा देश. प्रवाशांनीं दाम मोजला तो ह्या सुखासाठीं.

सफर यशस्वी झाली आणि पुढें अशा सफरी नित्याच्या झाल्या. वसंत आला म्हणजे तीच बोट पुन्हां न्यूयॉर्कच्या वाटेला लागे आणि तिचें पोट पुन्हां गांठोड्यांनीं भरे. त्या गांठोडेवाल्यांचें काय झालें, हेंही विसरून चालणार नाहीं. १८९२ सालीं हाम्बुर्गमध्यें पटकीची भयंकर सांथ आली व आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. शहराचें पिण्याचें पाणी नदींतून न गाळतां येत होतें, हें तिचें मोठें कारण. पण बोल लागला तो रशियांतून आलेल्या गरीब प्रवाशांना. पुढें १९०१ सालीं बालिनच्या कंपनीनें त्यांच्यासाठीं शहराबाहेर राहण्याच्या इमारती बांधल्या. ह्या लोकांच्या भाड्यावर बोटी बांधल्या गेल्या नसत्या, तर पिरॅमिडांकडे कोणी कोणास नेलें असतें?

पुढें केवळ विहारासाठीं बांधलेली ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ ही आगबोट आली. ती १९०० सालीं पाण्यांत उतरली. तिच्यांत सर्व खोल्या पहिल्या वर्गाच्या. ही बोट १९०६ च्या डिसेंबरांत, रात्रीच्या वेळीं, जमैका बेटाच्या पोर्ट रॉयलजवळ खडकावर चढली. दीपगृहाची ओळख पटविण्यांत कप्तानाची चूक झाली होती. प्रवासी सर्व वांचले. कप्तानानें मात्र आपल्या खोलींत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. विहाराच्या बोटीवरही समुद्र समुद्रच असतो.

बालिनचा शेवटही असाच कष्टी करणारा आहे. इंग्लंडशीं युद्ध टळावें म्हणून त्यानें खटपट केली ती व्यर्थ गेली. १९१४ नंतर त्याच्या बोटी कोठें अडकल्या, कोठें जप्त झाल्या. उरलेल्या धक्क्यांवर गंजत पडल्या. ज्या रिकामपणावर त्यानें एकदां युक्ति शोधली होती, त्यावर ह्या वेळीं युक्ति नव्हती. ९ नोव्हेंबर १९१८ रोजीं, बादशहानें राज्यत्याग केल्याचें जाहीर झालें त्याच दिवशीं, झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेनें त्याचा अंत झाला.

कल्पना मात्र टिकली, आणि प्रत्येक वेळीं ती रिकाम्या बोटीवरच बसून आली. अमेरिकेनें १९२४ च्या कायद्यानें परदेशांतून येणाऱ्यांना दार लावून घेतलें, तेव्हां अटलांटिकच्या बोटी न्यूयॉर्कहून हिंवाळ्यांत कॅरिबियन समुद्राकडे वळल्या. १९६६ सालीं ‘सनवर्ड’ ही नवी नॉर्वेजियन बोट जिब्राल्टरच्या राजकीय तंट्यामुळें निकामी ठरली. तिकडे मायामी येथें एका व्यवस्थापकाजवळ उतारू होते, पण बोट नव्हती. त्या डिसेंबरांत दोघांची गांठ पडली. टेक्सास प्रांतांतील गॅल्व्हेस्टनची हकीकत तर विशेष. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळानें त्या बेटावरील हजारों माणसें नेलीं. पुढें ह्यूस्टनपर्यंत खोल कालवा झाल्यावर व्यापारही निघून गेला. तेथें २००० सालीं सहलीची एक बोट कायमची ठेवली गेली, आणि पुढील वर्षीं न्यूयॉर्कवरील विमानी हल्ल्यानंतर लोक विमानांत बसावयास कचरूं लागले, तेव्हां कंपन्यांनीं आपल्या बोटी अशाच बंदरांकडे नेल्या, जेथें उतारू स्वतःच्या मोटारीनें येऊं शकत. कुक्सहाफेनच्या आगगाडीचें काम आतां मोटारीनें केलें.

ह्या हिशेबाची उलटी बाजू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिसते. येथें बोट रिकामी पडे ती पावसाळ्यांत. हिंवाळा हा तिच्या कामाचा ऋतु. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला कीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोंकणच्या आगबोटी पुन्हां सुरू होत, आणि चाकरमाने, बायकामुलें, ट्रंका व बोचकीं ह्यांनीं डेक भरून जाई. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांवर होडी बोटीला लागे व जाफाच्या यात्रेकरूंप्रमाणेंच कोंकणी उतारू हेलकावे खात किनाऱ्याला जाई. फरक इतकाच कीं, पलीकडे त्याचें घर असे. ज्या बोटींत हिंवाळ्यांत पाय ठेवावयास जागा नाहीं, ती सहलीसाठीं कोण सोडणार? मुंबई-गोवा मार्गावर खास विहारासाठीं ‘आंग्रिया’ नांवाची बोट निघाली ती २०१८ च्या ऑक्टोबरांत, कोंकणच्या जुन्या आगबोटी धक्क्यावरून कायमच्या नाहींशा झाल्यावर.