‘व्हिव्हा व्हिया!’ : एका क्रांतिकारकाचे चित्रपटीय चरित्र आणि इतिहास

मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या अमेरिकन चित्रसंस्थेचा ‘व्हिव्हा व्हिया!’ हा बोलपट १९३४ साली प्रदर्शित झाला. मेक्सिकोच्या क्रांतीतील सेनानी पांचो व्हिया हा त्याचा नायक. एज्कम पिंचन व ओ. बी. स्टेड ह्यांच्या चरित्रग्रंथावरून बेन हेक्ट ह्यांनी पटकथा लिहिली आणि डेव्हिड सेल्झनिक ह्यांनी निर्मिती केली. दिग्दर्शनास हॉवर्ड हॉक्स ह्यांनी प्रारंभ केला, परंतु ते जॅक कॉनवे ह्यांनी पूर्ण केले व श्रेयही त्यांच्याच नावे नोंदले गेले. व्हियाची भूमिका करणाऱ्या वॉलेस बीअरी ह्यांचा त्याच वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. इंग्रजी भाषिक जगात व्हियाची जी प्रतिमा पुढे रूढ झाली, तिच्या घडणीत ह्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची साधन म्हणून चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

ही कथा दप्तरखान्यातून आलेली नसून सत्याच्या धाग्यांनी विणलेली कल्पित कथा आहे, अशा आशयाची कबुली चित्रपट आरंभीच देतो. ह्या कबुलीमुळे तपशिलांतील चुकांची यादी करण्याचे काम बहुतांशी निरर्थक होते. कल्पिताला कल्पित म्हटल्यावर त्यावर असत्याचा आरोप कसा करावयाचा? तथापि कोणते धागे घेतले व कोणते टाकले, हा प्रश्न उरतोच. बखर आणि अस्सल कागद ह्यांतील भेद मराठी अभ्यासकास सुपरिचित आहे. बखरकाराची निवड ही देखील एक प्रकारची साक्ष असते. मात्र ती वर्णिलेल्या काळापेक्षा लिहिणाऱ्याच्या काळाविषयी अधिक असते. हाच निकष येथे लावून पाहता येईल.

चित्रपटाचा आरंभ एका वैयक्तिक अन्यायाने होतो. जमीनदाराच्या सत्तेखाली बापाला फटक्यांनी मारले जाते, मुलगा त्याचा सूड घेतो आणि डोंगराचा आश्रय करून लुटारू बनतो. शेवटही सुडाचाच आहे. व्हियामुळे जिचा अंत झाला त्या कुलीन स्त्रीचा भाऊ त्याला गोळ्या घालतो. ह्या दोन सुडांच्या मध्ये क्रांती बसविलेली आहे. ह्या चौकटीतच चित्रपटाचा इतिहासविषयक दृष्टिकोन सामावलेला आहे.

प्रथम आरंभाचा विचार करू. व्हियाचे मूळ नाव दोरोतेओ आरांगो; त्याचा जन्म १८७८ साली दुरांगो राज्यात झाला. आपण लुटारू का झालो, ह्याची हकीकत त्याने १९१४ मध्ये सांगितलेल्या आठवणींत आढळते. तीनुसार जमीनदार बहिणीच्या अब्रूवर उठला म्हणून सोळा वर्षांच्या दोरोतेओने त्याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘द लाइफ ऑफ जनरल व्हिया’ हा मूकपट निघाला. त्याच्या उपलब्ध कथासारांशात बहीण कायम आहे, परंतु अपराधी जमीनदार नसून सरकारी लष्करी अधिकारी आहेत. १९३४ च्या बोलपटात बहिणीची जागा बापाने घेतली. एकाच आरंभाची ही तीन रूपे होत. फ्रीड्रिख काट्स ह्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत चरित्रात व्हियाच्या पूर्वायुष्याविषयीच्या परस्परविरोधी कथांची छाननी केली आणि मूळ घटनेस निर्णायक पुरावा नसल्याचे दाखविले. अर्थात चित्रपटाने कथा बदलली, एवढ्यावरून त्याला दोष देता येत नाही. दंतकथेचा पहिला निवेदक खुद्द व्हियाच होता.

किंबहुना चित्रपटाचे सामर्थ्य व्हियाने फार लवकर ओळखले होते. जानेवारी १९१४ मध्ये त्याने अमेरिकेतील म्यूच्युअल फिल्म कंपनीशी करार केला आणि आपल्या लढायांच्या चित्रीकरणाचा हक्क तिला दिला. त्यातून शस्त्रांसाठी पैसा व अमेरिकन जनमताची अनुकूलता, हे दोन्ही लाभ त्याला अपेक्षित होते. चित्रीकरणाच्या सोयीसाठी लढाया दिवसाच करण्याचे त्याने मान्य केले, अशी गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली गेली. परंतु उपलब्ध करारनाम्यात असे कलम नाही. करारातून निघालेल्या मूकपटात तरुण व्हियाचे काम राऊल वॉल्श ह्यांनी केले, तर सेनापती म्हणून प्रत्यक्ष व्हियाच पडद्यावर आला. कथासारांशाप्रमाणे त्या मूकपटाच्या शेवटी तो मेक्सिकोचा अध्यक्ष होतो.

वीस वर्षांनंतरच्या बोलपटातही व्हिया राजधानी जिंकून देशाची सत्ता हाती घेतो आणि ती त्याला पेलत नाही. वस्तुतः तो कधीही अध्यक्ष नव्हता. डिसेंबर १९१४ मध्ये तो व एमिलियानो सापाता राजधानीत आले, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून त्याने छायाचित्र घेऊ दिले, एवढेच. आग्वासकालियेन्तेस येथील अधिवेशनाने निवडलेले हंगामी अध्यक्ष एउलालियो गुतिएर्रेस होते. आपण शिकलेलो नाही, सबब त्या पदास पात्र नाही, असे व्हिया स्वतःच म्हणत असल्याचे जॉन रीड ह्या अमेरिकन पत्रकाराने नोंदविले आहे.

व्हियाने प्रत्यक्ष राज्यकारभार केला तो चिवावा राज्याचा, आणि चित्रपटाने नेमका तोच वगळला आहे. डिसेंबर १९१३ मध्ये तो तेथील गव्हर्नर झाला. तेर्रासास व क्रील ह्या घराण्यांच्या ताब्यात त्या राज्यातील अफाट जमीन होती. व्हियाने अशा धनाढ्य घराण्यांच्या मालमत्ता जप्त करण्याचे फर्मान काढले. त्यांचे उत्पन्न युद्धखर्चाकडे आणि क्रांतीत पडलेल्यांच्या विधवा व अनाथ मुलांकडे वळवावे. विजयानंतर जमिनीचे वाटप व्हावे, असे ते धोरण होते. गोरगरिबांसाठी मांसाचे भाव उतरविले, शाळा उघडल्या, कागदी चलन काढले. ह्या धोरणाची अंमलबजावणी अपुरी राहिली व काही जमिनी त्याच्या सेनानींच्या हाती गेल्या, हेही खरे. परंतु अपुरे असले तरी ते धोरण होते. पडद्यावरील व्हिया मात्र भावनेच्या भरात वागणारे एक मोठे मूल आहे. मादेरो हे पित्यासारखे सांगतात आणि तो ऐकतो. मादेरो गेल्यावर त्याला विचारच उरत नाही.

फ्रान्सिस्को मादेरो ह्यांच्यावर व्हियाची निष्ठा होती, ह्यात संशय नाही. १९१० मध्ये अब्राहम गोन्सालेस ह्यांनी त्याला मादेरोपक्षात आणले. जून १९१२ मध्ये जनरल हुएर्ता ह्यांनी दिलेल्या मृत्युदंडातून मादेरोंच्या तारेनेच तो वाचला. फेब्रुवारी १९१३ मध्ये हुएर्तांनी सत्ता बळकावली व मादेरोंची हत्या झाली. त्यानंतर मूठभर सोबत्यांनिशी सीमा ओलांडून परतलेल्या व्हियाने उत्तरेत प्रचंड सैन्य उभारले आणि २३ जून १९१४ रोजी साकातेकास जिंकून हुएर्तांची सत्ता खिळखिळी केली. चित्रपटात हुएर्तांच्या जागी पास्काल हा कल्पित सेनापती येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारांसा व ओब्रेगोन ह्यांच्याशी झालेला संघर्ष, एप्रिल १९१५ मधील सेलायाचा पराभव, ९ मार्च १९१६ रोजी अमेरिकेतील कोलंबस गावावर घातलेला छापा आणि त्याच्या पाठलागावर आलेली जनरल पर्शिंग ह्यांची फौज, ह्या साऱ्यास कथेत स्थान नाही.

ह्या मौनाचा उलगडा १९३४ च्या परिस्थितीत शोधावा लागतो. मेक्सिकनांची निंदानालस्ती करणाऱ्या चित्रपटांवर मेक्सिको सरकारने १९२२ पासूनच बंदीचे अस्त्र उगारले होते. ‘व्हिव्हा व्हिया!’चे चित्रीकरण अंशतः मेक्सिकोत झाले, तेव्हा तेथील सत्ता व्हियाचा पाडाव करणाऱ्या पक्षाकडेच होती. नोव्हेंबर १९३३ मध्ये ली ट्रेसी ह्या नटाने मेक्सिको शहरात लष्करी छात्रांच्या संचलनाचा अपमान केल्याचा आरोप झाला, तेव्हा संस्थेने क्षमा मागून त्याला तत्काळ काढून टाकले. अशा स्थितीत ओब्रेगोन ह्यांचा उल्लेख मेक्सिकोच्या सत्ताधाऱ्यांस आणि कोलंबसचा उल्लेख अमेरिकन प्रेक्षकास रुचला नसता, असे अनुमान करण्यास जागा आहे. दोहोंना सोयीचा व्हिया हवा असेल, तर त्याला राजकारणातून उचलून स्वभावात नेऊन ठेवणे, हा मार्ग सर्वांत सुलभ होता.

शेवटाची चिकित्सा येथेच निर्णायक ठरते. १९२० मध्ये सरकारशी तह करून व्हिया कानुतियोच्या जहागिरीवर स्थायिक झाला. २० जुलै १९२३ रोजी पार्राल येथे त्याच्या मोटारीवर दबा धरून बसलेल्या टोळीने गोळ्यांचा वर्षाव केला. हेसूस सालास बार्रासा ह्या राज्य विधिमंडळाच्या सदस्याने जबाबदारी स्वीकारली. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि काही महिन्यांतच सुटकाही झाली. हत्येमागे राज्यकर्त्यांची संमती होती, हे काट्स ह्यांनी साधार मांडले आहे. राजकीय खुनाचे चित्रपटात कौटुंबिक सुडात रूपांतर झाले, आणि त्याबरोबर अपराधीही नाहीसे झाले.

ह्या दृष्टिकोनाने व्हियाचे श्रेय गेले, तसेच त्याचे दायित्वही गेले. डिसेंबर १९१५ मध्ये सोनोरातील सान पेद्रो दे ला क्वेव्हा गावी त्याने ग्रामस्थांची सामूहिक हत्या करविली. विचार करणाऱ्या मनुष्याने केलेले ते कृत्य होते. भाबड्या रानदांडग्याच्या लहरीत त्याचा हिशेब बसत नाही. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यास बालबुद्धीचा ठरविले, की त्याच्या न्यायबुद्धीची दखल घ्यावी लागत नाही आणि त्याच्या क्रौर्याचा जाबही विचारावा लागत नाही.

स्वदेशातही व्हियाला अधिकृत इतिहासात स्थान मिळण्यास विलंब लागला. मेक्सिकोच्या प्रतिनिधिगृहाच्या भिंतीवर त्याचे नाव १९६६ मध्ये कोरले गेले आणि १९७६ मध्ये त्याचे अवशेष राजधानीतील क्रांतिस्मारकात नेण्यात आले. चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगी मरणोन्मुख व्हिया आपल्याविषयी काय लिहिले जाईल, असे जवळच्या अमेरिकन वार्ताहरास विचारतो, आणि तो वार्ताहर त्याचे अंतिम शब्द स्वतःच रचून सांगतो. १९१४ मध्ये आपली कथा सांगण्याचा हक्क व्हियाने स्वतः करार करून दिला होता. १९३४ मध्ये ती सांगताना त्याच्या संमतीचा प्रश्नच उरला नव्हता. १९१३ च्या चिवावाविषयी ह्या चित्रपटाची साक्ष अग्राह्य आहे. परंतु विजेते आणि त्यांचे शेजारी पराभूताचे चरित्र कसे लिहितात, ह्या विषयावर त्याच्याइतके स्पष्ट साधन विरळाच सापडेल.