बाभूळ आणि तिचे भाऊबंद (येडगाव परिसर)

जुन्नर तालुक्यातले येडगाव हे कुकडी नदीवरच्या धरणाचे गाव. तालुक्याच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडे पाऊस कोसळतो. पूर्वेकडे येईतो तो ओसरतो. कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, द्राक्षे. कोरड्या मुरमाड माळावर काटेरी झाडे. लांबून ती सगळी बाभळीच वाटतात. बारीक पिसासारखा पाला जवळपास सर्वांचाच, म्हणून ओळखताना त्यावर विसंबू नये. साल, काटा, फूल आणि शेंग पाहावी.

बाभळीची साल काळपट, खोल भेगांची. काटे सरळ, पांढरट, पानाच्या बुडाशी जोडीने. फुले म्हणजे सोनपिवळे गोंडे. शेंग राखाडी, लवदार आणि दोन बियांमध्ये आवळलेली. अशी शेंग दिसली की शंका उरत नाही. लाकूड चिवट, म्हणून बैलगाडीच्या चाकांना तेच लागे. तिचाच एक प्रकार रामकाठी. हिच्या फांद्या पसरत नाहीत, खोडाला बिलगून उभ्या चढतात. शास्त्रीय नावातही तिला ‘क्युप्रेसिफॉर्मिस’, म्हणजे सायप्रसच्या आकाराची, म्हटले आहे. सायप्रसच्याच कुळातला जुनिपर भारतात हिमालयात रानटी वाढतो, या माळावर नाही. इथे लांबून कुणाला त्याचा भास झालाच, तर ती बहुधा रामकाठी असेल. नाते मात्र आकारापुरतेच.

खरी फसगत हिवर करतो. काटे तसेच सरळ, जोडीचे. पण साल फिकट, पिवळसर पांढरी आणि माथा छत्रीसारखा पसरट. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फांद्यांच्या टोकांना फिकट गोंड्यांचे मोठे घोस येतात. तेव्हा तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शेंग चपटी, किंचित वाकडी.

खैराचे काटे आखूड, आकडीसारखे. फुले गोंड्यांत नव्हे, लांबट तुऱ्यांत. कात निघतो तो याच्या गाभ्यातून.

जुन्या ग्रंथांत ही तिन्ही झाडे ‘अ‍ॅकेशिया’ प्रजातीत सापडतील. २००५च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र काँग्रेसनंतर ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहिले. आता बाभूळ व हिवर ‘व्हॅचेलिया’त, तर खैर ‘सेनेगालिया’त मोडतो.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. तुरे हिरवट पिवळे, शेंगा पिवळसर, गोड गराच्या. जनावरे त्या खातात आणि शेणातून बी माळभर पसरते. नुसती तोडून ती हटत नाही. बुंध्यातून अनेक फुटवे येऊन झुडूप आणखी दाट होते.