‘पंच’ या पेयाचे कूळ

इंग्रजी मद्यपेयांच्या यादीत ‘पंच’ हे नाव दिसले की हिंदी मनुष्याला आपलेच कोणी परदेशात भेटल्यासारखे वाटते. पाच पदार्थांचे मिश्रण म्हणून पंच, ही उपपत्ती इतकी सोयीची आहे की ती तपासून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. पंचामृताची सवय असलेल्या कानांना तर ती पटतेच.

या उपपत्तीचा जुना आधार म्हणजे डॉ. जॉन फ्रायर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत ज्याच्या ग्रंथात सापडते, तोच हा वैद्य. 1698 साली लंडनला छापलेल्या त्या ग्रंथात, हिंदुस्थानी भाषेतील पाच या संख्येवरून हे नाव पडले, असे तो सांगतो. फ्रायर मुंबई, सुरत आणि जुन्नर पाहिलेला. तेव्हा त्याचा शब्द सहज झिडकारता येत नाही.

परंतु शब्द त्याच्याही आधीचा आहे. कंपनीच्या एका नोकराने पूर्व किनाऱ्यावरील पेठापोलीच्या वखारीतील सहकाऱ्याला 1632 मध्ये लिहिलेल्या पत्रात तो येतो, आणि तोही कसलेच स्पष्टीकरण न देता. म्हणजे कंपनीच्या मंडळींत तो तेव्हाच रुळलेला होता. 1638 मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो या पेयाचे घटक देतो: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. मोजले तर चारच भरतात! फ्रेंच वैद्य बर्निए बंगालमधील ‘बूलपाँज’ वर्णितो. त्यात गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि किंचित जायफळ. येथेही संख्या चारच. (बूलपाँज म्हणजे ‘बोल’ आणि ‘पंच’ यांचा फ्रेंच तोंडी झालेला अपभ्रंश.) हे पेय प्रकृतीस घातक आहे, आणि इंग्रज व डच अधिकाऱ्यांनी खलाशांचे ते पिणे कमी केल्यावर आजार घटले, अशी नोंदही बर्निए करतो.

दुसरी शंका उच्चाराची. सतराव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी या शब्दातील स्वर आजच्यासारखा ‘अ’ नसून ‘उ’कडे झुकणारा होता. तो ‘पुंच’ असाच ऐकू येत असावा. म्हणून काही कोशकार ‘पंचन’ या दारूच्या मोठ्या पिंपाच्या नावाकडे बोट दाखवतात. जहाजावर पिंपे होती आणि खलाशी नावे तोडून बोलत, हे खरे. पण तेवढ्याने तोही पक्ष सिद्ध होत नाही. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ने पाचाची उपपत्ती लोकप्रिय केली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

वस्तू मात्र निःसंशय या देशाच्या किनाऱ्यावर घडली. उष्ण समुद्रप्रवासात बियर आंबे, द्राक्षमद्य बिघडे. तेव्हा गोव्याचा माडीपासून काढलेला अरक, येथील लिंबे व साखर खलाशांनी एका वाडग्यात एकत्र केली. अरक हा शब्द अरबी, त्याचा अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंबाथेंबाने उतरते म्हणून ते नाव.

या व्यवहारात खरा मान दुसऱ्याच एका शब्दाला आहे, आणि त्याचे कोणी कौतुक करीत नाही. स्कॉटलंडमध्ये थंडीत व्हिस्की, गरम पाणी आणि साखर मिळून जी ‘टॉडी’ पितात, ती आपली ताडी होय. तिच्या कुळाविषयी कोशकारांत वाद नाही.