वर्गातील मॉनिटर : एका पदाचा इतिहास

शिक्षक वर्गाबाहेर गेले की एक मुलगा उठून फळ्याशी जातो आणि बोलणाऱ्यांची नावे लिहू लागतो, हे दृश्य या सभागृहातील बहुतेकांनी पाहिलेले आहे. कित्येकांची नावेही त्या फळ्यावर लागली असतील. या मुलाला आपण मॉनिटर म्हणतो. शब्द इंग्रजी खरा, पण कधी शाळेत न गेलेल्या आजीबाईंच्याही तोंडी तो रुळला. आपल्या मॉनिटरचे कुळ शोधू गेल्यास आपण लंडनला पोहोचतो, आणि तेथून थेट मद्रासच्या एका ओट्यावर परत येतो.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडचा धर्मोपदेशक 1787 साली हिंदुस्थानात आला. 1789 साली मद्रासेतील एग्मोर येथे गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा त्याच्याकडे सोपविण्यात आली. मुले दांडगी, शिक्षक कंटाळलेले. अशात एके सकाळी फेरफटका मारताना त्याला एक देशी शाळा दिसली. तमिळ मुलखात अशा शाळांना तिण्णै शाळा म्हणत. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या धूळपाटीची ही सख्खी बहीणच. बेलने हा प्रकार आपल्या शाळेत सुरू करावयाचे ठरविले, तर मास्तर मंडळी अडून बसली. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाचा आठ वर्षांचा मुलगा निवडला आणि लहान मुलांना वाळूत अक्षरे शिकविण्याचे काम त्याला दिले. मास्तरांना जे जमले नव्हते ते या पोराला जमले!

यातले मर्म आम्हांला असे दिसते की, बेलने दंग्यावर निराळा उपाय शोधलाच नाही; त्याने रिकामपण काढून घेतले. प्रत्येक मुलगा एक तर शिकत होता, नाही तर शिकवीत होता. अपराधांची नोंद एका वहीत होई, आणि त्यांचा निवाडा मुलांचेच पंच करीत. त्यामुळे छडीचे काम पुष्कळच कमी झाले. 1797 साली लंडनमध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तक छापले.

पुढच्याच वर्षी, 1798 साली, जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने लंडनच्या गरीब वस्तीत शाळा काढली. पद्धत जवळजवळ तीच. पण हेतू बदलला. एका शिक्षकाने शेकडो मुले सांभाळावयाची आणि दरडोई खर्च काही शिलिंगांवर जाऊ द्यावयाचा नाही, हे तिचे ब्रीद ठरले. मॉनिटर आता नुसते शिकविणारे राहिले नाहीत. कोणी हजेरी घेणारा, कोणी पाट्या वाटणारा, कोणी शिस्त पाहणारा, आणि सर्वांवर देखरेख करणारा आणखी एक! लँकेस्टर फटक्यांच्या विरुद्ध होता, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र छडीच्या जागी त्याने जे आणले ते काय? गळ्यात लाकडी ओंडका, पायात बेड्या, आणि अपराध्याला टोपलीत बसवून छताला टांगणे. खाली सारी शाळा हसते आहे! अंगावर वळ उठत नव्हता, एवढ्यावरून या शिक्षेला सौम्य म्हणावयाचे असेल तर म्हणावे. आम्ही म्हणणार नाही. बेल थोर की लँकेस्टर यावरून पुढे चर्चवाले आणि चर्चबाहेरचे पंथ यांच्यात वर्षानुवर्षे भांडण चालले. त्या भांडणात शिरण्याचे आपल्याला कारण नाही.

आपला संबंध येतो तो त्यानंतर. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, 1822 साली, हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस. पुस्तके नाहीत, शिकविण्याची सोपी रीत नाही, जाणते शिक्षक नाहीत आणि पैसा नाही, अशा चार अडचणी मंडळीने मांडल्या. आणि शिकविण्याच्या रीतीसाठी तिने लँकेस्टरची पद्धत घेतली. 1826 साली तयार झालेले चोवीस शिक्षक मराठी व गुजराती मुलखात पाठविण्यात आले. म्हणजे मद्रासच्या वाळूतून निघालेली रीत लंडनचा अंगरखा घालून मुंबईस उतरली. आणि उतरली ती कोणाकडे? आमच्या पंतोजींच्या पडवीत मोठा मुलगा लहानग्यांकडून उजळणी म्हणवून घेत होताच! पंतोजींची शाळा म्हणजे नंदनवन होते असे मात्र कोणी समजू नये. छडी, अंगठे धरविणे, ओणवे उभे करणे, हे सारे तेथे होते, आणि त्या धाकाने शाळा चुकविणारी मुलेही होती.

इंग्लंडात ही पद्धत फार टिकली नाही. पोराने पोराला शिकविलेले पोपटपंचीच्या पलीकडे जात नाही, असा अनुभव येऊ लागला. 1846 साली तेथील सरकारने तेरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना पाच वर्षे उमेदवारी देऊन शिक्षक करण्याची योजना आखली, आणि जुना मॉनिटर मागे पडला.

आमच्या वर्गांत त्याचे नाव उरले. काम मात्र अर्धेच. फ्रिस्केनच्या हातात वाळू होती, आपल्या मॉनिटरच्या हातात खडू आहे. पण त्या खडूने तो कोणाला अक्षर शिकवीत नाही, नावे लिहितो. या रीतीत मोलाचे होते ते शिकविणे. ते आपण टाकले आणि पहारा ठेवला. पहारेकरी झालेला मुलगा हळूहळू मित्रांना पारखा होतो, किंवा मित्रांची नावे गाळावयास शिकतो. शिक्षकांनाही आम्ही दोष देणार नाही. साठ मुलांच्या वर्गात ज्याला तास घ्यावा लागतो, त्याला पहारेकरी का हवासा वाटतो, हे कळण्यासारखे आहे.

2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. दुसरा शब्द महत्त्वाचा आहे; लँकेस्टरची टोपली त्यात येते. फळ्यावरचे नाव येते की नाही, हे ते नाव कशासाठी लिहिले आणि पुढे त्याचे काय केले, यावर ठरावे.

लहान गावांतून आजही दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळण्याच्या शाळा आहेत. गुरुजी एका इयत्तेचे गणित घेत असतात, आणि कोपऱ्यात चौथीतली एखादी मुलगी पहिलीतल्या पोराचा हात धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेत असते. तिला कोणी मॉनिटर म्हणत नाही.