एक एरियल, दोन यंत्रे

पनवेलची खाडी आज पाहिलीत, तर इथे एके काळी मोठी वर्दळ असे हे सांगूनही खरे वाटायचे नाही. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी पुष्कळदा मचव्यातून पनवेलला उतरे नि पुढे घाट चढे. तांडेलाला वारा कळे, भरती कळे. पण किनारा सुटला की त्याची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचत नसे.

हाक न पोहोचण्याची किंमत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने 17 जुलै 1947 रोजी मोजली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सकाळीच काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोळ्यांनी जमतील तेवढ्यांना होड्यांत ओढून घेतले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळेतो दुपार टळली होती.

बिनतारी यंत्र आले की एरियल आली, आणि एरियल आली की भांडण आले. जुन्या ठिणगीच्या यंत्रांच्या काळी बोलायला नि ऐकायला दोन डोलकाठ्यांमध्ये ताणलेली एकच तार असे. संदेश पाठविताना ऐकण्याचे नाजूक यंत्र तारेपासून सोडविले नाही, तर त्यातील स्फटिकावरची नेमकी जागा हुकायची आणि ती पुन्हा शोधत बसावे लागे. म्हणून ऑपरेटरच्या हाताशी मोठा खटका असे: इकडे बोला, तिकडे ऐका.

तेच भांडण आज लहान बोटीवर नव्या वेषात आले आहे. बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओशेजारी एआयएस बसते. जहाजाचे नाव, जागा नि वेग ते आपोआप कळविते. मोठ्या जहाजांवर ते 2004 अखेरपर्यंत सक्तीचे झाले. नोव्हेंबर 2008 नंतर आपल्या दीपगृहांवरही हे संदेश टिपणारी साखळी उभी राहिली. दोघांच्या लहरी जवळजवळच्या, बोलण्याची 156 मेगाहर्ट्झपासून पुढे, एआयएसची 162 च्या आसपास. तेव्हा एक एरियल दोघांना पुरते. शिवाय या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात, म्हणून डोलकाठीचे टोक दोघांनाही हवे, आणि टोक तर एकच!

मग दोन केबली सरळ जोडून टाकल्या तर? तसे मुळीच करू नका. रेडिओ 25 वॅट सोडतो, म्हणजे केबलीत सुमारे 35 व्होल्ट. ऐकणारे यंत्र व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाची कुजबुज टिपण्यासाठी घडविलेले असते. बोलण्याचे बटण दाबले की ते जळलेच म्हणून समजा.

यासाठी मिळणारे स्प्लिटर म्हणजे तो जुना खटकाच, फक्त माणसाच्या हाताऐवजी विजेने चालणारा. एकाने बोलायला सुरुवात करताच तो दुसऱ्याला क्षणार्धात तोडतो. मात्र तो दोन्ही यंत्रांतून पाठविण्यासाठी आहे, की एआयएसने केवळ ऐकण्यासाठी, हे विकत घेतानाच पाहावे. इथेच पुष्कळजण फसतात. ऐकताना आलेली शक्ती दोघांत वाटली जाते. काही स्प्लिटर ती पुन्हा वाढवून देतात. तुम्ही लांबण लावून बोलत बसलात, तर तेवढा वेळ तुमची बोट इतरांच्या पडद्यावर नवी जागा कळवीत नाही. धुक्यात हे ध्यानात असू द्या.

डोलकाठी मोडली तर दोन्ही यंत्रे एकदम मुकी होतात. म्हणून एक आखूड सुटी एरियल केबिनमध्ये ठेवावी, आणि स्प्लिटर बाजूला काढून ती थेट रेडिओला कशी लावायची, हे धक्क्यावर असतानाच एकदा करून पाहावे. 16 नंबरच्या चॅनेलवर हाक मारायला तेवढी पुरते.