पाण्याबरोबर आलेली ओल

माळशिरस तालुक्यातली जुनी घरं उन्हासाठी बांधलेली. दोन-अडीच हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, उजेडाला एक सवणं. खिडकी म्हणाल तर नाहीच. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा मुलखात घर गार राहिलं की झालं, ओलीचा विचार कोण करतो! ज्वारीसुद्धा जमिनीतल्या पेवात ठेवायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर आतली हवा वाईट.

मग पाणी आलं. 1928 साली भाटघरचं लॉईड धरण झालं आणि नीरेचा उजवा कालवा पुढं सरकत आमच्या तालुक्यात शिरला. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. जोंधळ्याच्या रानात ऊस डुलू लागला. त्या पाण्यानं कर्जं फिटली, पोरं शाळेत गेली. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण पाजलेलं सगळं पाणी काही ऊस पीत नाही. उरलेलं खाली मुरतं आणि जमिनीतली पातळी वर येते. नीरेच्या डाव्या कालव्यावर हे आधीच दिसलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी तिथं ब्लॉक पद्धत आणली, त्यामागं हीही काळजी होती. रानं चोपण झाली त्याची चर्चा सरकारदरबारी गेली. घरातल्या ओलीची चर्चा चुलीपुढंच राहिली.

पहिली खबर पेवांनी दिली. तळाची ज्वारी काळी पडून कुबट वास मारू लागली, तशी आमच्या आळीतली पेवं एकामागून एक बुजली. धान्य पोत्यांतून माजघरात आलं आणि भिंतीला टेकून थप्पी लागली. मातीची भिंत जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढते. पाणी वाळतं, खार मागं राहतो. त्यालाच आपण लोणा म्हणतो. हात लावला की पोपडा पडायचा. पोत्यांमागं, वळकट्यांमागं हिरवी-काळी बुरशी धरायची. जळणाला आणलेलं चिपाडही त्याच कोपऱ्यात. (जुन्या, बुरसटलेल्या चिपाडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार डॉक्टरांनी 1941 मध्ये अमेरिकेत नोंदला, त्याचं नावच बगॅसोसिस.)

या घरात बाप्ये झोपायचे ओट्यावर नाहीतर वस्तीवर. माजघर बायकांचं आणि पोरांचं. आजीला धाप, थोरल्या चुलतीला धाप, तिच्या धाकट्या पोरीची छाती पावसाळाभर घरघरायची. माणसं म्हणायची, "दमा घराण्यातलाच हाय." आता चुलती तर सांगोल्याकडची, दुसऱ्या घरातून आलेली. तिला हे घराणं कुठून लागलं? ती माहेरी गेली की पंधरा दिवसांत खोकला बसायचा. आजी म्हणायची, "म्हायेरचं वारं लागलं की बरी हुती बघा. हितं काम नगं वाटतं." चुलती एकदाच बोलली, "आत्याबाई, काम तिथंबी करतीच की." त्या कोरड्या गावात तिला श्वास पुरायचा, एवढं साधं होतं ते. चुलीच्या धुराचा वाटा होताच, पण चूल माहेरीही होती.

बुरशीचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, श्वासाबरोबर आत जातात. ज्याला दमा आहे त्याचा दमा उसळतो, लहान पोरांना खोकला धरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं घरातली ओल आणि बुरशी यांवर 2009 मध्ये मार्गदर्शिकाच काढली. तोवर आमच्याकडच्या दोन पिढ्या काढा पिऊन आणि अंगारा लावून झाल्या होत्या.

उसाचा पैसा आल्यावर लोकांनी मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. घर चकचकीत दिसलं, पण भिंतीचा श्वास कोंडला. पूर्वी ओल निदान वाळायची तरी, आता ती गिलाव्यामागनं आणखी वर चढली. चुलतभावानं शेवटी आतला गिलावा खरवडून काढला, पोती फळ्यांवर भिंतीपासून हातभर लांब मांडली आणि मागच्या भिंतीला खिडकी पाडली. भिंत एवढी जाड, की गवंड्याला त्या एका खिडकीला दोन दिवस लागले. चुलतीनं मात्र त्याची वाट पाहिली नव्हती. आजी गेल्यावर तिनं आपलं बाजलं उचलून सोप्यात आणलं, पोरीला जवळ घेतलं आणि माजघरात पुन्हा कधी अंथरूण टाकलं नाही.