वाटाण्याची वेल आणि 960 चित्रे

हिमायतनगरच्या शाळेतला संगणक असो वा मुंबईतला, पडद्यावरची चित्रफीत थांबवली की उरते एक स्थिर चित्र. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली नेमके उलटे केले. विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. आता चित्रपटासाठी पैसा हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि अंकुराची वेल होईपर्यंत महिनाभर चित्रे टिपली. ‘अंकुराची वाढ’ जेमतेम मिनिटाची, पण ती पाहून कर्ज मिळाले.

रोज एकच चित्र घेतले, असे सांगतात. आम्ही हिशेब मांडला. मूकपटात सेकंदाला सुमारे 16 चित्रे सरकत, म्हणजे मिनिटाला 960. महिन्याची 30 चित्रे तर दोन सेकंदांतच संपतील! तेव्हा एक तर दिवसाला तीसेक चित्रे घेतली असावीत, नाही तर फीतच फार छोटी असावी.

पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये आरंभलेला ‘व्हीएलसी’ हा मोफत प्रोग्राम हीच चित्रे सुटी करतो. फीत थांबवून ‘ई’ कळ दाबावी. दर वेळी एकच चित्र पुढे सरकते. मुलांना ती मोजू द्यावीत.